चौदा नंबरचा जोड

१

मंगळवारी, २३ डिसेंबरला, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी अकरा नंबरच्या पाळण्याला तडा सापडला.

लातूरच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना आधी साखर कारखान्यांच्या टाक्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा. समुद्र इथून चारशे किलोमीटरहून लांब. तीन वर्षांपूर्वी किनाऱ्यावर एका नव्या शिपयार्डचं काम सुरू झालं आणि तिथल्या पाणबुडीच्या हॉलसाठी लागणाऱ्या चौकटींची ऑर्डर इथे आली. पाणबुडी तुकड्यातुकड्यांनी बांधतात. प्रत्येक तुकडा पोलादी चौकटीवर बसवतात आणि चौकटीसकट रुळांवरून पुढे सरकवतात. कामगार त्या चौकटींना पाळणे म्हणत. एकूण चोवीस करायचे होते. दहा झाले होते, आणि त्यांतला एकही नापास झाला नव्हता.

तडा वरून दिसत नव्हता. वेल्डिंगनंतर अठ्ठेचाळीस तास थांबून ध्वनिलहरींच्या यंत्राने प्रत्येक जोड तपासायचा, असा नियम होता. यंत्राच्या पडद्यावरची रेघ अकराव्या पाळण्याच्या तिसऱ्या जोडावर उसळली, ती बोटभर लांबीपर्यंत खाली आलीच नाही. जोडाशेजारी पोलादात ठोकलेला आकडा होता, चौदा. प्रत्येक वेल्डरचा स्वतःचा नंबर असतो आणि काम झालं की त्याने तो आपल्या हाताने ठोकायचा असतो.

चौदा नंबर दीपमाला बिरादारचा. वय एकोणतीस, सासर जळकोट तालुक्यात. शिपयार्डला जाणाऱ्या सहा वेल्डरांच्या पहिल्या तुकडीत तिचं नाव सर्वांत वर होतं. यादी शनिवारी जायची होती. ज्याच्या जोडाला तडा, त्याचा नंबर रद्द, म्हणजे यादीतलं नावही रद्द.

ती आली, पडद्याकडे पाहिलं, चेहऱ्यावरची काळी काच वर केली. म्हणाली, "नंबर माझा हाय. काय करायचं ते मला करा."

तिला अजून कोणी काही विचारलंच नव्हतं.

२

चंद्रप्रभा कंधारकर बुधवारी नांदेडहून पहिल्या बसने आल्या. शिपयार्डने नेमलेल्या तपासणी संस्थेच्या त्या निरीक्षक. त्याआधी सव्वीस वर्षं नांदेडला मुलांना धातुशास्त्र शिकवलं होतं. त्या हळू बोलायच्या आणि उत्तर मिळाल्यावरही थोडा वेळ थांबायच्या. त्या थांबण्यात माणसं पुढचं बोलून जायची.

गुणवत्ता विभागाचे प्रमुख अंबरीश यांनी त्यांना जोड दाखवला. अंबरीशही नांदेडचे, चार वर्षं लातुरात. त्यांनी सांगितलं की जोड शनिवारी, वीस तारखेला झाला. कागद चोख होते: प्लेटची जाडी चाळीस मिलिमीटर, वेल्डिंगआधी एकशेवीस अंशांपर्यंत तापवली, वेल्डर चौदा, हजर.

"तिने कबूल केलंय," अंबरीश म्हणाले. "आपण लांबवायचं कशाला?"

चंद्रप्रभाबाईंनी गुडघे टेकले आणि बॅटरी जोडाच्या कडेने फिरवली. एवढ्या जाड प्लेटला गार असताना वेल्ड केलं, तर जोड झटकन निवतो आणि काही तासांनी आतून तडकतो. म्हणून प्लेट आधी गॅसच्या ज्योतीने तापवतात. ती पुरेशी तापली का, हे एका निळ्या खडूने कळतं. तो एकशेवीस अंशांना वितळतो, आणि वितळलेला डाग नंतर घासूनही पुरता जात नाही.

पहिल्या जोडाशेजारी निळा डाग होता. दुसऱ्याशेजारी होता, चौथ्याशेजारीही होता.

तिसऱ्याशेजारी नव्हता.

"हे चारही जोड हिचेच?"

"हिचेच. पहिले दोन गुरुवारी झाले, चौथा सोमवारी."

"आणि आजवर किती जोड केले तिने?"

"पाळण्यांवर दोनशे सहा. एकही नापास नाही."

दोनशे सहा वेळा खडू वापरणारी बाई एकदाच का विसरली, हे दीपमालालाच विचारणं सोपं होतं. तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने सांगितलं की नंबर तिचा आहे. खडूचं विचारलं तेव्हा ती हातमोज्याची शिवण चाचपत राहिली. मग म्हणाली, नंबर माझा हाय मॅडम, आणखी काय लिहायचं असतंय?

जोड मी केला, असं तिने एकदाही म्हटलं नाही.

३

यादीत सातव्या क्रमांकावर सत्यम होता. दीपमालाचं नाव गेलं की सहावी जागा त्याची. हे अख्ख्या कारखान्याला माहीत होतं, आणि मंगळवारपासून जेवणाच्या सुट्टीत त्याच्या बाकावर दुसरं कोणी बसत नव्हतं.

तो अर्धापूरचा. वडिलांची केळीची बाग, आणि घरात बागेबाहेर पडलेला हाच पहिला. चंद्रप्रभाबाईंनी बोलावल्यावर तो विचारायच्या आतच बोलायला लागला.

"मला फायदा हाय, हे मलाबी कळून राहिलंय मॅडम. कालपासून पोरं मला शिपयार्डसाहेब म्हणून राहिलीत. पाणी मागितलं तर म्हणतात, आता समुद्रच पी."

शनिवारी तो बाराव्या पाळण्यावर होता. दोन पाळण्यांमध्ये ठिणग्या अडवणारा जाड पडदा असतो. सकाळी साडेआठला तो आला, तेव्हा पलीकडचा तिसरा जोड पूर्ण झालेला होता, नंबरही ठोकलेला. लई सकाळी आली असंल, असं त्याला वाटलं. दिवसभर ती दिसली नाही. परीक्षेच्या कागदांसाठी ऑफिसात गेलीय, असं कानावर आलं होतं. ऑफिसात चौकशी केली तर तिथल्यांची समजूत होती की ती पाळण्यावर आहे.

"तिचा नंबर ठोकायचा पंच तुझ्या हाताला लागतो का?"

"सगळ्यांचे पंच उस्तादांच्या टेबलामागं खिळ्याला टांगलेले असतात. माझ्या हाताला लागतोय, तुमच्याबी लागंल."

उस्ताद म्हणजे फोरमन शेषेराव. निजामाच्या काळापासून या भागात हुन्नर शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. दीपमालाला आणि सत्यमला वेल्डिंग त्यांनीच शिकवलं होतं.

सत्यम उठला आणि दारात थांबला. "मॅडम, तिच्या जागी मी गेलो तर जन्मभर हेच ऐकत राहीन. तडा कुणाचा हाय ते शोधा. माझा निघाला तर माझा म्हणा."

चंद्रप्रभाबाईंनी शनिवारचा हजेरीपट मागवला. पटावर एकही फुली नव्हती. एकोणचाळीसपैकी एकोणचाळीस माणसं हजर होती. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, वेळ अमावस्या होती.

४

वेळ अमावस्येला लातूर जिल्हा घराला कुलूप लावून शेतात जातो. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची खोप करून पूजा होते, ताकातली आंबील आणि मिश्र भाज्यांची भज्जी होते, आणि शेत नसलेल्यालाही कोणी ना कोणी आपल्या शेतात जेवायला नेतं. बाजार बंद असतो. परतीच्या गाड्या भरून वाहतात, आणि दुसऱ्या दिवशीही निम्मी माणसं गावीच राहतात.

स्टोअरच्या खिडकीत महादेवप्पा बसले होते. उदगीरकडचे, वय एकसष्ट, बोलण्यात मधूनच कन्नड. ते वेल्डरांना वेल्डिंगच्या कांड्या मोजून देत.

"अप्पा, गेल्या शनिवारी सगळे हजर होते?"

"पटावर होते. वीस वर्षांत असं बघितलं न्हाई. यंदा साहेबांनी नोटीस लावली ना, शनिवारी जो येणार न्हाई त्याचं शिपयार्डच्या यादीतलं नाव कटलं. सगळी धावत आली. एकाच्या केसात ज्वारीचं पान होतं."

त्यांचं स्वतःचं शेत नव्हतं. वेळ अमावस्येला ते स्टोअरची राखण करत, म्हणून दुसऱ्या दिवशी जो तो त्यांच्यासाठी डबा आणी. भज्जी, बाजरीचे उंडे, बाटलीत आंबील. यंदा अकरा डबे आले. चंद्रप्रभाबाईंनी कोणाकोणाचे ते विचारलं. महादेवप्पांनी बोटं मोजत नावं घेतली. सत्यम अर्धापूरचा, तिकडे हा सण एवढा नाही, त्याने केळी आणली होती.

"दीपमालाचा डबा?"

महादेवप्पांचा हात थांबला. "दरसाल तिचा पहिला. तिच्या सासूच्या हातची भज्जी, ती लसूण जास्त घालती. यंदा आला न्हाई. सोमवारी मी तिची मस्करी केली, म्हटलं म्हाताऱ्याला विसरलीस. तिला रडूच आलं. भज्जीवरून कोण रडतंय, मॅडम?"

"शनिवारी कांड्या न्यायला ती स्वतः आली होती?"

त्यांनी कांड्या दिल्याची वही चाळली. मग म्हणाले, "तिच्या नावच्या कांड्या गुरुवारी संध्याकाळीच गेल्या. कुणी नेल्या ते मला विचारू नका. त्या माणसानं माझ्या मुलीच्या लग्नात तीन दिवस पाणी वाढलंय."

चंद्रप्रभाबाईंनी विचारलं नाही. त्यांना दोन गोष्टी कळल्या होत्या. शनिवारी दीपमाला कारखान्यात नव्हती. आणि ज्याने तिचा जोड केला, त्याच्यावर ही माणसं रागावलेली नव्हती.

५

गुरुवारी सकाळी तडकलेल्या जोडाचा एक तुकडा कापला, घासून आरशासारखा केला आणि त्यावर आम्ल ओतलं. अशाने वेल्डिंगचे थर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे दिसू लागतात. दीपमालाच्या चौथ्या जोडाचा तुकडाही शेजारी ठेवला. तिच्या तुकड्यात अकरा अरुंद थर होते, एकावर एक नीट रचलेले. शिपयार्डच्या कामाची रीत हीच. सत्यमही तसंच करायचा, कारण उस्तादांनी दोघांना पहिल्यापासून हीच रीत गिरवायला लावली होती.

तडकलेल्या तुकड्यात पाच थर होते. रुंद, डावीकडून उजवीकडे झुलत नेलेले. काम कच्चं नव्हतं. हात मुरलेला होता, पण तो दुसऱ्या जमान्याचा होता.

चहाच्या सुट्टीत शेषेरावांनी स्वतः मॅडमसाठी चहा आणला. चाकूरचे, वय अठ्ठावन्न, शब्द मोजून बोलणारे. दोघे अंगणात पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी उभे राहिले. टाकीचा स्टँड जुना होता, लोखंडी कोनांचा. चंद्रप्रभाबाईंनी त्याच्या एका जोडावरून अंगठा फिरवला. वेल्डिंगची लाट रुंद होती, डावीकडून उजवीकडे झुललेली.

"हा स्टँड कोणी केला?"

"मीच. पंधरा वर्षं झाली."

त्यांचा अंगठा तिथेच थांबला. शेषेरावांनी अंगठा जिथे थांबला होता तिकडे पाहिलं. मग चहाचा कप स्टँडच्या कडेवर ठेवला.

"तिला काही करू नका," ते म्हणाले. "तिनं मला सांगितलं होतं."

शुक्रवारी शेतातून परतताना दीपमालाची सासू बसम्मा ट्रॉलीतून उतरताना पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. दीपमाला तिच्याबरोबर उदगीरच्या दवाखान्यात थांबली. संध्याकाळी तिने उस्तादांना फोन केला: उद्या येणं होत नाही, नाव कटत असेल तर कटू द्या. शेषेराव तिला म्हणाले, सासूकडं बघ, बाकीचं माझ्यावर सोड. गुरुवारी लवकर गावी जायची गडबड होती म्हणून सगळ्यांच्या शनिवारच्या कांड्या त्यांनी आधीच काढून ठेवल्या होत्या. शनिवारी सकाळी सहाला, सगळे यायच्या आत, त्यांनी तिसरा जोड स्वतः केला, तिचा नंबर ठोकला आणि तिची हजेरी लावली. ऑफिसची बतावणीही त्यांचीच.

"खडू का वापरला नाही, उस्ताद? तुम्हीच रोज सगळ्यांना ओरडता."

"दुसऱ्याला ओरडताना आठवतंय." त्यांनी उजवा तळवा पुढे केला. "आम्ही साखर कारखान्याच्या टाक्या जोडल्या, तवा खडू नव्हता. प्लेटला हात लावायचा, चटका बसला की झालं. पंचवीस वर्षं तसंच केलं. त्या दिवशी लई थंडी होती. हात लावला, चटका बसला. म्हटलं झालं."

माणसाच्या हाताला साठ अंशांना चटका बसतो. पोलादाला एकशेवीस हवे होते.

"मंगळवारपासून गप्प का होता?"

"बोललो तर ती गैरहजर ठरती, नाव कटतंय. न्हाई बोललो तर तडा तिचा, तरी नाव कटतंय. मी दोन्हीकडून हिशेब करून बघितला, मॅडम. पोरीचं नाव राहील असा रस्ता मला सापडेना."

चंद्रप्रभाबाईंनी चहा संपवला. त्यांनाही रस्ता दिसत नव्हता. पण एक कागद त्यांनी अजून पाहिला नव्हता.

६

तो कागद म्हणजे वेल्डरांच्या निवडीबद्दल शिपयार्डने पाठवलेलं मूळ पत्र. अंबरीशांनी फाईल काढून दिली. चंद्रप्रभाबाईंनी ते दोनदा वाचलं. अटी चार होत्या: परीक्षा पास, डोळ्यांची तपासणी, नापास जोड नको, आणि गेल्या सहा महिन्यांत त्याच प्रकारचं वेल्डिंग केलेलं हवं.

"शनिवारच्या हजेरीची अट कुठे आहे?"

अंबरीशांनी चष्मा काढला आणि पुसला. दरवर्षी वेळ अमावस्येनंतर दोन दिवस कारखाना ओस पडतो, त्यांनी सांगितलं. यंदा पाळण्यांची तारीख जवळ आलेली. शिपयार्डचं नाव घेतलं की माणसं येतील, असं वाटलं. आलीही. कोणाचं नाव खरोखर कापण्याचा त्यांचा विचार नव्हता.

"त्यांना ते माहीत नव्हतं," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

अंबरीशांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग विचारलं, अहवालात हे लिहावंच लागेल का? बाई म्हणाल्या, लिहावं लागेल. थोड्या वेळाने ते स्वतःच म्हणाले की त्यांच्या नावासकट लिहा, आणि जाऊन फळ्यावरची नोटीस काढून आणली.

दीपमालाला दुपारी बोलावलं. शेषेराव आधीच बसलेले पाहिल्यावर तिला सगळं समजलं. ती उभीच राहिली.

"उस्ताद, तुम्ही कशाला बोललात? मी निभावलं असतं."

"काय निभावणार होतीस? माझा तडा गळ्यात घालून गावाकडं जाणार होतीस?"

"तुमची नोकरीची दोन वर्षं राहिलीत. मला अजून तीस हायत. मी परत शिकले असते."

चंद्रप्रभाबाईंनी दोघांना थांबवलं आणि सांगितलं की अहवालात काहीही गाळलं जाणार नाही. जोड शेषेरावांनी केला, नंबर त्यांनी ठोकला, प्लेट पुरेशी तापली नव्हती. नोटीस अंबरीशांची. दीपमाला दवाखान्यात होती आणि तिने तसं कळवलं होतं. सोमवारी स्वतःचा नंबर परक्या जोडावर पाहूनही ती बोलली नाही, हेही जाईल.

"हा पाळणा तसाच गेला असता, तर त्यावर पाणबुडीचा तुकडा चढला असता," त्या म्हणाल्या. "खाली माणसं काम करतात. ती माणसंही कोणाच्या तरी घरची आहेत, दीपमाला."

दीपमालाने मान हलवली. "ते लिहा, मॅडम. तेवढं माझं हाय."

शुक्रवारी तडकलेला जोड पूर्ण कोरून काढला आणि दीपमालाने तो नव्याने भरला. प्लेट तापवायला पंचेचाळीस मिनिटं लागली. ज्योत शेषेरावांनी धरली होती. शिपयार्डच्या कामावर वेल्डिंगला हात लावायची त्यांना आता मनाई होती, ज्योत धरायला नव्हती. दोघे एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलले. दुपारी महादेवप्पांनी त्यांच्यासाठी जेवण राखून ठेवलं होतं.

शनिवारी शिपयार्डचं उत्तर आलं. चौदा नंबर कायम राहील. पण नव्या जोडाची तपासणी अठ्ठेचाळीस तासांआधी करता येत नाही, आणि यादी आजच बंद होते. त्यामुळे दीपमाला बिरादार यांचं नाव एप्रिलच्या दुसऱ्या तुकडीत घ्यावं. कारखान्याने सुचवल्याप्रमाणे शेषेरावांना फोरमनपदावरून काढून नवशिक्यांच्या शिकवणीवर घेण्यास शिपयार्डची हरकत नाही.

पहिल्या तुकडीतली सहावी जागा सत्यमला मिळाली.

रविवारी दुपारी, तपासणीच्या यंत्रासमोर, सुट्टी असूनही बारा-तेरा माणसं जमली होती. यंत्राचं टोक जोडावरून सरकत गेलं. पडद्यावरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट राहिली. चंद्रप्रभाबाईंनी सही केली आणि नांदेडची गाडी गाठायला निघाल्या.

शेषेराव पाळण्यापासून दूर, भिंतीला टेकून उभे होते. दीपमाला त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, एप्रिलपर्यंत मला आडव्या जोडाचा सराव पाहिजे, उद्यापासून लवकर यायला लागंल. त्यांनी मान डोलावून नुसतं "हाव" म्हटलं.

सत्यम मात्र तिच्यासमोर यायला बिचकत होता. पिशवी खांद्याला लावून दारापाशी घुटमळत राहिला. शेवटी तीच त्याच्याकडे गेली.

"काय शिपयार्डसाहेब, बोलत न्हाईत?"

"ताई, जागा तुझी हाय. मी न्हाई घेऊन राहिलो." त्याने खाली पाहत सांगितलं. "एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसा मी चाललोय. तू मागून चढ."

दीपमाला हसली. मंगळवारपासून पहिल्यांदा.

"रुमाल धुतलेला हाय का पण?" ती म्हणाली.